चौधारीची ओळ

"पडीक," मोजणीचा कारकून अंबादास म्हणाला आणि वहीत लिहायला वाकला.

जमिनीची मालकीण म्हातारी कॉन्सेप्टा. तिने त्याचं मनगट धरलं. "पडीक कशी? या टोकापासून त्या टोकापर्यंत चौधारी घेवडा आहे."

अंबादासने पाहिलं. मे महिन्याचं ऊन, भेगाळलेला एकच लांब वाफा, मांडवाच्या काठ्यांवर लोंबणाऱ्या वाळक्या वेली. बोरिवलीच्या या गावठाणामागे वसाहत होणार होती. पिकाखालची जमीन सोडायची, पडीक तेवढी घ्यायची, असा वरून हुकूम होता.

"आजी, हे मेलंय सगळं."

"झोपलंय." नातवंडांना समजवावं तशी ती सावकाश सांगू लागली. "वेल वाळतो, कंद खाली जिवंत राहतो. वर पेंढा टाकायचा, पाणी घालायचं नाही. जूनमध्ये त्यालाच कोंब येतात. नवं बी लागत नाही. कळलं?"

"कळलं. पण मी दिसतं तेच लिहितो."

"मग बघ." तिने लुगडं खोचलं, खुरपं घेतलं आणि बोटाएवढ्या जाड कंदांचा एक जुडगा उपटला. एकावर नख मारलं. आत पांढरं, ओलं.

अंबादासने बोट लावून पाहिलं. "हा एक झाला. बाकीच्यांखाली काय आहे, मला काय ठाऊक?"

बांधावर उभा असलेला तिचा मुलगा विन्सेंट म्हणाला, "आय, बस झालं. दाखवलास ना एक."

"एकदा दाखवून शिकणाऱ्याचं भागत नाही रे."

ती पुढे सरकली. दुसरा वेल, तिसरा. प्रत्येक कंदावर नख मारून ती त्याच्या हातात देत होती. अंबादासलाही गंमत वाटू लागली. एक त्याने चावूनसुद्धा पाहिला. ती एकुलती ओळ संपली तेव्हा जमिनीत एकही वेल उरला नव्हता, बांधावर कंदांचा ढीग झाला होता. कंबर धरून ती उभी राहिली.

"आता पटलं?"

"पटलं, आजी. तुम्ही खोटं बोलला नाहीत." त्याने खड्ड्यांवरून नजर फिरवली, मग लिहिलं आणि वाचून दाखवलं. "जमीन नुकतीच खणलेली. पीक नाही."

"तुझ्यासमोर काढले ना तिने?" विन्सेंट म्हणाला.

"म्हणून तर. आता जमिनीत काय आहे, तुम्हीच सांगा."

अंबादासने नोंदीखाली ठसा घ्यायला शाईची डबी उघडली, कॉन्सेप्टाचा अंगठा हातात घेतला आणि पुन्हा सोडला.

"आधी माती पुसा, आजी. ठसा साफ आला पाहिजे."