पाचवा व्हिडिओ

"आवाज ऐकू येत नाही. सायकल चालवतानाचा व्हिडिओ घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा." कंपनीचा निरोप साठीच्या कुंदाताईंनी दोनदा वाचला.

चाळीस हजारांची घडीची सायकल महिन्याभरातच बिजागरीत करकरू लागली होती. आधीचे चार व्हिडिओ त्यांनी फोन कुंडीला टेकवून काढले. चारही वेळा त्या पुढे निघून गेल्या आणि फोनमध्ये रिकामा रस्ता उरला.

घरातलं कुणी?

शेवटी काठी टेकत फिरणाऱ्या अनोळखी आजींच्या हाती त्यांनी फोन दिला.

पाचव्या व्हिडिओतही करकर ऐकू येईना. आजीच ओरडत होत्या, "अगं, हळू! वळणावर पडशील! ऐकत कशी नाही ही मुलगी!"

तो व्हिडिओ त्यांनी कंपनीला पाठवलाच नाही. ताट वाढून घेतलं आणि समोर तोच पुन्हा लावला.