रोजची अर्धी बाटली

आवाज न करता बॉनेट उघडण्यात आजोबा आता तरबेज झाले होते. इंजिन रात्रभरात निवलं होतं. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं, पाण्याची बाटली तिरकी केली आणि पाणी वरच्या रेघेला टेकताच थांबले. बाटलीच्या मध्यावर रबरबँड लावलेला होता. उरलेलं पाणी बरोबर त्याच्याशी आलं. रोजच्यासारखी अर्धी बाटली.

त्यांची सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली होती. मोजल्याशिवाय हातून काही ओतलं जायचं नाही. एकच गोष्ट त्यांना खटकायची. टाकीतल्या, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवा रंग फारच लवकर उडाला होता. रोजच्या अर्ध्या बाटलीने तो इतका फिका पडायला नको होता. कंपनीने मुळात रंगच हलका वापरला असेल, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

गाडी त्यांच्या नावावर, म्हणून कंपनीचा निरोपही त्यांच्याच मोबाईलवर आला होता. या गाड्यांच्या पाण्याच्या पंपात दोष आहे, पाणी गळतं, इंजिन तापतं, प्रसंगी पेट घेऊ शकतं. पाणी पार संपलं तर तापमानाचा काटाही वर चढत नाही. गाडी ताबडतोब आणून द्या, दुरुस्ती फुकट.

त्यांनी तो निरोप वाचला आणि मोबाईल उशीखाली सारला. मुलाला दुसरी गाडी हवी होती. हीच घ्यायची म्हणून हटून बसले होते ते. 'मी पारखून घेतो,' असं चारचौघांत ऐकवलं होतं. आता मुलाचं 'मी म्हणत नव्हतो?' ऐकायची त्यांची छाती नव्हती. सूनबाई रोज ती गाडी घेऊन ऑफिसला जायची. ती परत येऊन फाटक वाजेपर्यंत त्यांचं वर्तमानपत्राचं एकच पान उघडं असायचं.

त्यांनी झाकण घट्ट लावलं, मागच्या सीटखाली लोळणाऱ्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. डॉक्टरांनी सूनबाईला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती ऐकतेय, एवढं तरी बरं होतं.

"सकाळी सकाळी गाडीची पूजा चाललीय का?" मुलगा बॅग घेऊन दारात उभा होता.

"काच पुसत होतो."

"पुसा. आज तुमच्या या लाडक्या गाडीला डोंगर दाखवतो."

नातीला सुट्टीसाठी आजोळी सोडायचं होतं. बसने जायचं ठरलं होतं, पण काल जेवताना मुलाने बेत बदलला. तेव्हाच सांगायला हवं होतं. घास गिळला तसे शब्दही गिळले गेले.

"बसनेच जा की," आजोबा म्हणाले.

"बसला जागा नाही. आणि गाडी काय कपाटात ठेवायला घेतलीत?"

"चढावर एसी लावू नकोस. मध्ये थांब. जरा निवू दे तिला."

"बाबा, गाडी आहे ती, म्हैस नाही."

"बाबा म्हणतात ते ऐका ना," सूनबाई मागून म्हणाली. तिने पुढच्या सीटजवळ पाण्याच्या बाटल्यांची पिशवी ठेवली.

"एवढं पाणी कोण पिणार, आई?" नातीने विचारलं. "मग सारखं थांबावं लागेल."

"थांबा की. घाई कसली आहे?"

आपली बाजू घेणारं घरात कुणीतरी आहे, याचं आजोबांना बरं वाटलं आणि लगेच जास्तच अपराधी वाटलं. नातीने मागच्या काचेतून हात हलवला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

त्यांनी मनातल्या मनात पुन्हा आकडेमोड केली. ऑफिसला जाऊन-येऊन अर्धी बाटली. आजोळ म्हणजे तशा तीन फेऱ्या. दीड बाटली जाईल. चढाची म्हणून दोन धरू. आत त्याहून कितीतरी जास्त पाणी मावतं. गाडी आरामात पोचेल. सोमवारी ती कंपनीत द्यायची वेळही त्यांनी गुपचूप घेऊन ठेवली होती.

दुपारी सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याचा पुसलेलाच कोपरा पुन्हा पुसत होती. हातात मोबाईल.

"लागत नाही," ती म्हणाली. "चढणीला लागले असतील. तिथे रेंज नसते."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आजोबांना ते बघवेना. त्यांनी स्टूल ओढलं.

"ऐक. माझं एक चुकलंय. गाडीत दोष आहे. कंपनीने कळवलं होतं, मी दडवून ठेवलं. पाणी गळतं तिचं."

तिचा हात थांबला.

"पण घाबरू नकोस. मी रोज पहाटे टाकी भरतो. मोजून. तुझ्या जाण्यायेण्यात अर्धी बाटली जाते, त्याच्यावर थेंब नाही. आज दीड-दोन जाईल. काही होत नाही त्यांना."

बोलून टाकल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला. ती रागावेल, मुलाला सांगेल, सांगू दे. पण ती रागावली नव्हती. ती दारामागच्या पोत्याकडे बघत होती. गाडीतून काढलेल्या रिकाम्या बाटल्या आजोबा त्यातच टाकत.

"मला वाटलं माझ्यामुळेच गळतंय," ती म्हणाली. "मागे एकदा गाडी खालून दगडाला घासली होती माझ्याकडून. कुणाला सांगायचा धीर झाला नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्या बाटल्या मी पीत नव्हते, बाबा. ऑफिसमधून निघताना रोज दोन गाडीत ओतायचे."