बादली

"कट!" नुन्झिओ ओरडला, आणि पडद्यावर आजवर एकोणीस माणसं मारलेला व्हिक्टर लामांता खाली वाकून तोंडातला घास पचकन बादलीत थुंकला.

बादली धरायला गस नावाचा टक्कल पडलेला माणूस टेबलाशेजारी बसलेलाच होता. चार वेळा कट, चार वेळा बादली. असुंतामावशींनी हे चौथ्या वेळी दाराआडून पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

स्वयंपाकघर त्यांचं होतं, ब्रॉन्क्समधलं, तिसऱ्या मजल्यावरचं. गुंडांच्या सिनेमासाठी त्यांनी ते एका दिवसापुरतं दिलं होतं. आईच्या हातचं जेवण दाखवायचंय म्हटल्यावर पहाटे उठून रस्साही त्यांनीच केला होता. टोमॅटो, लसूण, डुकराचं मटण, पाच तास मंद आचेवर. आणि हा बाबा ते थुंकत होता!

त्या तरातरा आत आल्या. गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण घातलं आणि शेगडीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"थुंकायचं असेल तर डब्यातलं विकत आणा. माझं मिळायचं नाही."

शूटिंगची चाळीस माणसं त्यांच्याकडे वळली. नुन्झिओ दिग्दर्शक खरा, पण वाढलेला याच गल्लीत. त्याने आधी डोक्यावरची टोपी काढली.

"मावशी, अहो सगळेच नट थुंकतात. एकच प्रसंग वीस-वीस वेळा घ्यावा लागतो. वीस ताटं खाल्ली तर मरेल ना तो."

"मग वीसदा खातोय कशाला? एकदाच नीट खाऊ दे की! आणि खातो कुठे? नुसता चावतोय. आईच्या हातचं कुणी असं खातं होय रे?"

सकाळपासून नुन्झिओलाही तेच खुपत होतं, फक्त व्हिक्टरला तोंडावर सांगायची छाती होत नव्हती. त्याने खिडकीकडे पाहिलं. ऊन टेबलाच्या कडेवर आलं होतं. अजून फार तर एकदा घेता आलं असतं. उद्या व्हिक्टर लॉस एंजेलिसला जाणार होता.

"मला चालेल," व्हिक्टर म्हणाला. "त्या वासाने मगासपासून भूक खवळलीय माझी."

बादली जिन्यात गेली.

प्रसंग साधाच होता. आई चर्चमध्ये गेलेली. तिने झाकून ठेवलेलं ताट थोरला मुलगा एकटाच खातो, तोंड पुसतो, उठतो, आणि खाली गाडीत थांबलेल्या धाकट्या भावाला गोळी घालायला जातो.

कॅमेरा सुरू झाला. पहिला घास व्हिक्टरने नटासारखाच घेतला. दुसऱ्या घासाला त्याचे खांदे सैल पडले. तिसऱ्यानंतर तो कुणाकडे बघेचना. पाव मोडून त्याने ताट पुसून घेतलं, कडेला लागलेला रस्सासुद्धा. आता उठायचं होतं. तो उठला नाही. रिकाम्या ताटाकडे बघत बसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

असुंतामावशींना त्याची इतकी माया आली की गप्प राहायचं असतं हेच त्या विसरल्या. पातेलं घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोर गेल्या.

"थांब, अजून वाढते."

त्यांनी डावभर वाढलं. व्हिक्टर पुन्हा खाऊ लागला. थांबवायला वर गेलेला नुन्झिओचा हात तसाच वर राहिला. कॅमेऱ्यातलं रीळ फिरत होतं.

"व्हिक्टर," शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "ऊठ रे बाबा. भाऊ गाडीत बसलाय. मारायचाय ना त्याला?"

"जेवू दे ना," व्हिक्टर भरल्या तोंडाने म्हणाला.

असुंतामावशींचा डाव हवेतच थांबला.

"कधीपासून बसलाय तो?"

"सकाळपासून," दारातून गस म्हणाला. "कपडे चढवून, तयार होऊन."

"उपाशी?"

नुन्झिओ नजर चुकवून टोपी चुरगळत राहिला. मावशींनी पातेलं टेबलावर ठेवलं, खिडकी वर सरकवली आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"ए पोरा, वर ये! तुझा भाऊ जेवायला थांबलाय."