गुंड्याची मुदत

वत्सलाबाई खरातांनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना संमतीपत्र कोरंच परत दिलं. सोसायटीच्या नियमाप्रमाणे कुत्र्याच्या प्रत्येक पिल्लाच्या कानामागे चिप बसवावी लागे. मग भुंकणं, चावणं, चपला कुरतडणं त्याच दिवशी बंद.

“आणखी काय बंद होतं?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“राग,” त्या खरं बोलल्या. “परवा समोरच्या, चिप बसवलेल्या मोत्याला कुणी काठीनं मारलं. तो जागचा हललासुद्धा नाही.”

तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या वत्सलाबाई आपल्या पिल्लाला, गुंड्याला, कडेवर घेऊन घरी आल्या. चिपशिवाय पिल्लू सहा आठवड्यांत सुधारलं नाही तर ते सोसायटीबाहेर जाईल, असं सचिव दिघ्यांनी बजावलं.

गुंड्या बोटांना चावला की त्या खेळ थांबवून पाठ फिरवत. त्यानं चप्पल पळवली की त्याच्यापुढे चघळायला जाड दोरी धरत. शांत बसला की भाकरीचा तुकडा देत. हात ओरखड्यांनी भरले, दोनदा त्यांना रडूही आलं.

मुदतीच्या दिवशी दिघे आले. गुंड्या दाराशी गप्प बसून राहिला.

“शेवटी बसवलीत ना चिप?” म्हणत दिघ्यांनी त्याचा कान धरून ओढला.

गुंड्या मागे सरला आणि गुरगुरला. दिघ्यांनी हात काढून घेतला.

“हे गुरगुरणं नाही सुधारलं?”

“ते बिघडलेलंच नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मी सांगितलं की तो बसतो, थांबतो. पण दुखवलंत तर नको म्हणणार. त्यासाठी त्याला बाहेर काढायचं असेल, तर नोटिशीवर माझंही नाव घाला.”