शेवटचं वाक्य

मृण्मयी हात मागे बांधून उभी होती.

"हात पुढे घे," देवस्थळी सर आरामखुर्चीतून म्हणाले. "हात लपवले की माणूसच काहीतरी लपवतोय असं वाटतं." त्यांनीच तिला भाषण करायला शिकवलं होतं. आता कॉलेजात तोच विषय ती शिकवत होती, त्यांच्याच पुस्तकावरून.

तिने हात पुढे घेतले. "सर, वक्तृत्वाच्या कोर्सला यंदा नेटवरचं मोफत पुस्तक लावलंय. मुलांना मोबाईलवर वाचता येतं. त्यामुळे तुमचं..." पुढचं तिने गिळलं.

सरांनी मांडीवरची, त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बाजूला ठेवली. "शेवटचं वाक्य पडलं. पुन्हा म्हण."

"सर, नको ना."

"उद्या वर्गात सांगताना माफी मागतेयस असं वाटता कामा नये. पोटातून आवाज काढ."

ती ताठ उभी राहिली. "तुमचं पुस्तक आम्ही काढून टाकलं. प्रस्ताव माझाच होता." आवाज खणखणीत लागला.

सरांच्या वर्गात भाषण कसंही झालं तरी टाळ्या वाजवायची पद्धत होती. त्यांनी त्या वाजवल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

आपण इतकं चांगलं बोलायला नको होतं, असं मृण्मयीला पहिल्यांदाच वाटलं.