वाळलेला जीव

अर्पिता मॅडमनी शाळेच्या भिंतीवरचं वाळकं शेवाळ पाण्यात भिजवलं आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून आठ पायांचा जीव दाखवला. "हा मेला नव्हता, नुसता वाळला होता. कित्येक वर्षांनी पाणी मिळालं तरी उठतो."

आठवड्यानं सगळ्यांनी त्याची मातीची मूर्ती केली. तांड्यावरच्या रोशनीच्या मूर्तीला दोनच पाय होते.

"बाकीचे सहा कुठे गेले गं?" मॅडम हसल्या.

"हा माहा भाऊ होय, मॅडम. दिवाळीत वारला थो."

रोशनीच्या हातात रिकामी पाण्याची बाटली होती, पाय चिखलानं भरले होते.

"बरं झालं, आमच्या तांड्यात लहान लेकराले जाळत नाहीत, पुरतेत. रोज पाणी टाकून राह्यली मी. आज सकाळी माती वर आलती."