शेळवाडीचे उतारू

"चारच?" अनसूयेने रेल्वेकडून आलेला कागद पुन्हा वाचला. "रोज साठ माणसं चढतात, तात्याबा. तुमच्या डोळ्यांदेखत."

"डोळ्यांदेखत न्हाय, अक्का. पाठीमागनं." थांब्यावरचा पोर्टर तात्याबा बिडी विझवत म्हणाला. "गाव रुळाच्या तिकडं, फलाट हिकडं. कोन वळसा घालतंय? समदे तिकडनंच चढत्यात. साहेबाचा मानूस हितं हुबा व्हता. त्यानं चार बघितले, चार लिवले."

शेळवाडीहून सोलापूर चार कोस. वारा तिकडून वाहत असला की गिरणीचा भोंगा गावात ऐकू यायचा आणि त्यावर अर्धं गाव उठायचं. गिरणीतले कामगार, दूध-दह्यावाल्या बाया, कचेरीतले दोन कारकून आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी अनसूया, सगळे सहा-पंचविसाच्या गाडीने शहरात जायचे. गावात परतायचे ते झोपायला.

ही गाडी इथे थांबावी म्हणून अनसूयेच्या वडिलांनी, वेणीमाधव मास्तरांनी, अकरा वर्षं अर्ज लिहिले. दिवाळीत गाडी थांबू लागली. मार्गशीर्षात मास्तर गेले.

कागदावर लिहिलं होतं: येत्या मंगळवारी साहेब स्वतः मोजणीला येतील. तिसाच्या आत उतारू भरले, तर थांबा बंद.

थांबा बंद म्हणजे तिची नोकरी बंद. आईला एकटं टाकून शहरात खोली करणं जमणारं नव्हतं. आणि अकरा वर्षांचे ते अर्ज, त्यांचं काय?

तिने घरोघर फिरायला सुरुवात केली.

"मंगळवारी फलाटावर यायचं, जोतीराम. रुळावर नाही. फलाटावर."

गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेला जोतीराम राखुंडीने दात घासत होता. "फलाट लई लांब पडतो, अक्का."

"दोनशे पावलं."

"सवडीनं दोनशे. भोंगा झाल्यावर चारशे."

"मग भोंग्याआधी निघा."

"भोंग्याआधी कोन उठतंय?" त्याने चूळ भरली. "पन मास्तरांचं काम हाय. येतो की. समद्या गल्लीला आनतो."

दही विकणाऱ्या नागव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब गोरा हाय?"

"असेल."

"मग मी काय नेसू?"

"काहीही नेसा. वेळेवर या, नीटनेटक्या या."

"म्हंजे एरवी मी गबाळी व्हय?"

वाणसामानाचे दुकानदार सिद्धलिंगप्पा म्हणाले, गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, फलाटावर कमान उभारू. अनसूया म्हणाली, कमान नको, माणसं हवीत. ते म्हणाले, बरं, निदान हार तरी. ती हो म्हणाली. नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पायातल्या वहाणा भिरकावल्या. "एकालाही धड कळत नाही. अण्णांनी अकरा वर्षं कोणासाठी घालवली?"

"चिडू नकोस," तिची आई गोदावरीबाई म्हणाल्या. "त्यांचंही कोणी ऐकायचं नाही."

"अण्णा चिडायचे नाहीत."

"चिडायचे की. चिडले की अर्ज लिहायला बसायचे."

अनसूयेने वहाणा उचलून जागेवर ठेवल्या. अण्णा गेले त्या दिवशीही हे गाव उशिराच आलं होतं. आलं ते मात्र सगळंच.

सोमवारी तिने शाळेतून दुसऱ्या दिवसाची रजा मागून घेतली. साहेबांशी दोन शब्द बोलायला मास्तरांच्या घरचं कोणी असायला हवं होतं. संध्याकाळी पुन्हा एकदा दारोदार हिंडून तिने तेच सांगितलं. फलाटावर. जोतीरामच्या बायकोने तर ती तोंड उघडायच्या आधीच ‘फलाटावर’ म्हणून दाखवलं.

मंगळवारी साडेपाचला ती पोचली तेव्हा फलाटावर तात्याबा आणि एक कुत्रं होतं. पावणेसहा झाले. सहा झाले. ती मनातल्या मनात एकेकाला नावं ठेवत राहिली.

मग फाटकाकडून माणसं येताना दिसली. चांगला वळसा घालून, रांगेने. जोतीरामच्या डोक्याला नवा लाल पटका, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. नागव्वा इरकली लुगड्यात, आज डोईवर मडकं नाही म्हणून मान ताठ. दोन्ही कारकून कोटात. म्हातारी माणसंही आली. फलाट भरला. रुळाच्या पलीकडे एकही माणूस नव्हता. अनसूयेने मोजलं: एकशे बारा. जन्मात पहिल्यांदा हे गाव सांगितल्याप्रमाणे वागलं होतं. तिने पदराने चष्मा पुसला.

साहेब ट्रॉलीवरून आले, बरोबर एक मराठी कारकून. सिद्धलिंगप्पांनी हार घातला. साहेबांनी हॅट काढली. अनसूया पुढे झाली आणि पाठ केलेल्या इंग्रजीत वडिलांविषयी बोलू लागली. मागे गाडी येऊन थांबली. अनसूया बोलायची थांबली नाही. अकरा वर्षं, सत्तेचाळीस अर्ज, आणि शेवटच्या महिन्यात रोज सकाळी अंगणात उभं राहून गाडी थांबल्याचा आवाज ऐकणारे अण्णा. साहेबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. तिचं बोलणं संपायला आणि गार्डाने शिट्टी फुंकायला एकच गाठ पडली. गाडी हलली. गावाने हात जोडून तिला निरोप दिला.

धूर विरला. अनसूयेला कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं.

साहेबांच्या कारकुनाने वही उघडली. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग रिकाम्या रुळांकडे पाहिलं.

"बाई, गाडी तर गेली," तो म्हणाला. "ही मंडळी चढली का नाहीत?"

"चढून जायचंय कुटं, रावसाहेब?" जोतीराम अभिमानाने पुढे झाला. "तुमी येनार म्हून आज समद्यांनी कामाचा खाडा केलाय की. अक्कांनीबी शाळेला रजा टाकलीय."